माश्यांची कुळं निवडताना: दुसऱ्या हंगामाची नोंद

मागच्या हंगामात हावरटपणा नडला. सापळ्यात पडेल ते ठेवत गेलो. द्विपंखी माश्यांच्या वर्णन झालेल्या प्रजाती दीड लाखाच्या वर, कुळं (म्हणजे जवळच्या प्रजातींचे मोठे गट) दीडशेच्या पुढे. मालेझ सापळ्याच्या (तंबूसारख्या जाळीच्या) एका बाटलीतले नमुने नुसते कुळवार लावतानाच कितीतरी रविवार संपले. प्रजातीपर्यंत पोचले ते मूठभर.

म्हणून यंदा चारच कुळं.

सिर्फिड, म्हणजे फुलांवर घिरट्या घालणाऱ्या माश्या, यांच्याबद्दल वादच नव्हता. पंखातली ती 'खोटी शीर' दिसली की कुळ पक्कं. शिवाय यांच्या अळ्यांचे उद्योग भलतेच वेगवेगळे: कुणी पिकांवरची मावा कीड फस्त करते, कुणी कुजक्या लाकडात राहते, कुणी घाण पाण्यात बुडून लांब शेपटीवाटे श्वास घेते. त्यामुळे यादी वाचूनच जागेचा अंदाज येतो.

डोलिकोपोडिड म्हणजे ओल्या कडेला दिसणाऱ्या हिरव्या चमकदार, लांब पायांच्या माश्या. पिवळ्या वाटीत साबणाचा थेंब टाकून पाणी ठेवलं की भरपूर मिळतात, अल्कोहोलमध्येही टिकतात. फक्त नर हवा. पोटाखाली पुढे वळलेला जननभाग पाहून प्रजाती लागते. माद्यांवर मी आता वेळ घालवत नाही.

सेप्सिड माझ्या लाडक्या. मुंगीसारखा बांधा, शेणावर पंख हलवत फिरणं. नर मादीचे पंख पुढच्या पायांनी पकडतो, म्हणून त्या पायांवर काटे-खाचा असतात आणि त्यांवरूनच ओळख पटते. चौथं कुळ असिलिड: मोठ्या, शिकारी, हातजाळीने धरायच्या.

इवल्याशा फोरिड माश्या सोडताना जीव तुटला. सापळ्यात ढिगाने असतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड केल्याशिवाय ओळख पुढे सरकत नाही आणि कित्येकांना अजून नावच नाही. केसाळ बॉम्बिलिड माश्याही सोडल्या. गेल्या वेळी अल्कोहोलात टाकल्या आणि केस झडून टकल्या झाल्या. त्या कोरड्या पिनवरच हव्यात, तेवढी फुरसत नाही.

टॅकिनिडचं अजून ठरत नाही. सुरवंटांवर वाढणाऱ्या या माश्या सोडवत नाहीत, पण राठ केसांच्या त्या जंगलात शिरायला माझं भिंग अपुरं पडतं. तूर्त वेगळ्या बाटलीत ठेवल्यात.

एक बदल मात्र लगेच केला. तक्त्यात 'आढळल्या नाहीत' आणि 'पाहिल्याच नाहीत' असे दोन रकाने केले. मागच्या वर्षी दोन्हींना शून्यच लिहिलं होतं. ती पानं आता बाटल्या काढून दुरुस्त करतोय.