पिकअप विकायची की ठेवायची?

गाडी वाईट नाही, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणीतरी "कोणत्या कंपनीची?" विचारणार आणि त्या कंपनीची बाजू घेणारे व न घेणारे भांडत बसणार. कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. अगदी हीच गाडी माझ्या चुलतदिरांकडे आहे, टोमॅटो भरून वाशीला जाते आणि त्यांची काडीची तक्रार नाही. आमच्याकडे मात्र ती आल्यापासून रुसलेलीच आहे.

आमची रोपवाटिका जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या अलीकडे. टोमॅटो, मिरची, ढोबळी, कोबी, फ्लॉवर, दसऱ्याच्या अंदाजाने झेंडू. ट्रेमध्ये कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भरायचं, बी टोचायचं, टोमॅटोचं रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांत तयार झालं की शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायचं. पूर्वी हे काम आमचा जुना छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, करायचा. मग आला 2023 चा जुलै. शहरात टोमॅटो शंभराच्या पार गेला, नारायणगावच्या बाजारात 20 किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव निघाला, आणि ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच पीक. रोपं मागायला लोक रात्री दार वाजवायचे. त्या तेजीत छोटा हत्ती गेला आणि ही पावणेदोन टनाची पिकअप आली. सप्टेंबरपर्यंत टोमॅटो कोसळला, रोपांच्या ऑर्डरी थंडावल्या. हप्ता तेवढा महिन्याच्या पाच तारखेला न चुकता येत राहिला.

पहिली कुरकुर पाट्यांची, म्हणजे चाकांवरच्या लोखंडी स्प्रिंगांची. पावणेदोन टन पेलायचे म्हणून मागचे पाटे जाडजूड. आमचा माल किती? हौदा काठोकाठ भरला तरी रोपांचं वजन काहीच नाही, नुसती जागा अडते. त्यामुळे गाडी कायम रिकाम्यासारखीच धावते, म्हणजे धावत नाही, उडते. डिंगोऱ्याकडच्या एखाद्या शिवाररस्त्याने जाऊन ट्रे खाली उतरवले की कडेच्या ओळीतली रोपं कोकोपीटची गड्डी फुटून मुळं उघडी पडलेली दिसतात. शेतकरी तोंडावर काही बोलत नाही, पण पैसे देताना "एवढे ट्रे धरू नका वहिनी" म्हणतो, आणि त्याचं बरोबरच असतं. दाराच्या आत टायरच्या हवेची पट्टी असते, तिच्यावर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा आणि रिकाम्या गाडीचा वेगळा. मागच्या टायरमधली हवा त्या रिकाम्याच्या आकड्यावर आणली, हौद्यात वाळूची पोती टाकली, तेव्हा थोडा फरक पडला. एका फिटरने पाट्याचं एक पान काढून टाकायला सांगितलं. ते नको म्हटलं. कोकोपीटच्या विटा आणायच्या दिवशी हीच गाडी खरोखरची भरते.

दुसरं दुखणं धुराड्यातल्या जाळीचं. हे नीट सांगते, कारण आमच्या भागात नवीन डिझेल गाडी घेणाऱ्यांपैकी निम्म्यांना शोरूममध्ये कुणी हे सांगतच नाही.

एप्रिल 2020 पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-6 हा कडक नियम आला. तेव्हापासून डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. त्यात काजळी साठत जाते. ठरावीक साठली की गाडीचा कॉम्प्युटर जादा डिझेल सोडून धुराची उष्णता सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि ती काजळी जाळून टाकतो. मात्र त्यासाठी गाडी पंधरा-वीस मिनिटं एका लयीत, बऱ्या वेगाने चालावी लागते. आमची गाडी उदापूरला जाते, इंजिन चालू ठेवून ट्रे उतरवते, तिथून धोलवड, तिथून हिवरे. प्रत्येक टप्पा चार-पाच किलोमीटरचा, त्यातही निम्मा पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. जाळायला सुरुवात होते न होते तोच आम्ही किल्ली बंद करतो. असं परत परत झालं की पिवळा दिवा लागतो, मग गाडी रेस घ्यायची थांबते, आणि शेवटी सर्व्हिस सेंटरला नेऊन स्कॅनर लावून उभ्या-उभ्या काजळी जाळून घ्यावी लागते. त्यात आणखी एक भानगड म्हणजे जाळायला सोडलेलं डिझेल अर्धवट राहिलं की थोडंथोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची काडी काढून बघितली तर पातळी कमी व्हायच्याऐवजी वाढलेली! आबा, म्हणजे माझे सासरे, हे बघून म्हणाले, "चाळीस वर्षांत ऑइल वाढलेलं इंजिन पहिल्यांदा बघतोय." ऑइल वाढलं म्हणजे पातळ झालं, ते लगेच बदलायचं.

हे जाळीमुळे होतंय याची खात्री मला सर्व्हिस सेंटरने नाही, संगमनेरच्या ऑर्डरीने पटवली. दिवा लागलेला असताना नाइलाजाने चंदनापुरी घाट उतरून संगमनेरला ट्रे दिले. हायवेला गाडी मोकळी धावली, आणि येताना आळेफाट्याच्या आधीच दिवा आपोआप गेला. त्यानंतर चार-आठ दिवस गाडी तिच्यासारखी शहाणी दुसरी नाही अशी वागली.

गावातल्या गॅरेजमध्ये यावर सोपा उपाय मिळतो. "ताई, डबा पोकळ करून टाकू, मॅपिंग मारू, पुन्हा दिवा नाही." म्हणजे जाळी काढून टाकायची आणि कॉम्प्युटरला ती आहेच असं भासवायचं. कितीजणांनी करून घेतलंय हे सगळ्यांना माहीत आहे. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि पासिंगच्या वेळी कोण काय बघेल याची धास्ती कायमची मागे लागते. शिवाय तो काळा धूर कुणावर सोडायचा? मागे माझीच रोपं असतात.

पैशांपेक्षाही घरच्यांना खुपते ती वेगळी गोष्ट. रोपं उन्हात नेता येत नाहीत, सुकतात. त्यामुळे आमच्या फेऱ्या एकतर पहाटे, नाहीतर दिवस मावळताना. जुन्नर तालुक्यात या दोन वेळांना दोन्हीकडे ऊस असलेल्या रस्त्यावर गाडी रेस घ्यायची थांबणं काय असतं, ते इथल्याला सांगायला नको. बिबट्या रोज दिसतो असं नाही. पण खाली उतरून फोनला रेंज शोधत फिरावंसंही वाटत नाही. मी स्वतः गाडी चालवते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते यावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासून विमा एजंटही गप्प आहे. पण संध्याकाळची फेरी असली की आमचे हे हातातलं काम टाकून बाजूच्या सीटवर येऊन बसतात. म्हणजे एका फेरीला दोन माणसं.

तर विकायची का?

आळेफाट्याच्या दलालाने सव्वापाच लाख सांगितले. कर्जाचे साडेचार लाख बाकी, त्यावर मुदतीआधी फेडल्याचा दंड. हातात पन्नास हजार पडले तरी नशीब. भाव एवढा पडण्याचं कारण दलालाने प्रामाणिकपणे सांगितलं. 2025 च्या सप्टेंबरात मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली, मग जुनीला कोण विचारतो? आम्ही 28 टक्के भरून घेतलेली. व्यापाऱ्याला तो कर पुढे वळता तरी करता येतो. रोपांवर जीएसटीच नाही, त्यामुळे आमच्या अंगावर आला तो पूर्ण. रोपवाटिकेचं उत्पन्न शेतीचंच धरलं जातं, आयकर नाही, त्यामुळे घसारा दाखवून काही वाचवावं तर तेही नाही. आमच्या सीएने दोन्ही गोष्टी हसत सांगितल्या. मला हसू आलं नाही.

यांचं मत होतं, पाडव्याला नवी बुक करू, 18 टक्के आहे तोवर. कुठली? तर दोन टनाची. मी विचारलं, दोन टनाचं काय भरणार? तर म्हणे, पुढेमागे लागेल. पुरुषांना हौदा मोठाच का लागतो, हे मला अजून कळलेलं नाही. आबांचं मत, जुनी बीएस-4 डिझेल शोधा, जाळी नाही, कटकट नाही. त्यात तथ्य आहे, पण अशी चांगली राहिलेली गाडी कुणी विकत नाही, आणि आठ वर्षं झाली की पासिंग दरवर्षी आणि वर पर्यावरण कर. इलेक्ट्रिक छोटी गाडी मला मनापासून आवडली. फेऱ्या जवळच्या, माल हलका, धक्के कमी, आवाज नाही. पण आमच्याकडे शेतीच्या लाइनला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि तीही मोजके तास. घरच्या सिंगल फेजवर रात्रभर लावून पहाटे गाडी पूर्ण भरलेली मिळेलच असं छातीठोक सांगता येत नाही. पॉलिहाऊसवर सोलर वाढवलं की हा विषय मी पुन्हा काढणार आहे. भाड्याची गाडी हा तर हंगामात पर्यायच नाही. जूनमध्ये आमच्या रोपांची घाई आणि नारायणगावच्या टोमॅटोची घाई एकदमच येते, आणि पिकअपवाला साहजिकच क्रेटच्या मागे जातो.

त्या क्रेटवरूनच विचार सुटला. चुलत भाऊजींची एक पिकअप आहे, हंगामात ते दुसरी भाड्याने घेतात. माळशेज उतरून मुरबाड, कल्याण करत रात्रीत वाशी. आमच्या गाडीला नेमकं हेच हवंय: मागे वजन, म्हणजे पाटे बसतात, आणि तासन्‌तास सलग धावणं, म्हणजे जाळी स्वच्छ राहते. मग ती विकून पन्नास हजार घेण्यापेक्षा तिला हंगामात आठवड्यातून दोन रात्री वाशीला पाठवायची, डिझेल-टोल भाऊजींचा, फेरीमागे गाडीचं भाडं आम्हाला. त्यातून जून ते ऑक्टोबरचा हप्ता सुटतो. आणि जवळच्या रोपांसाठी एक जुनी, छोटी, पेट्रोलची गाडी बघायची. पेट्रोलला ही काजळीची जाळी नसते, आणि एकूण वजन तीन हजार किलोच्या आत असलं की परमिटही लागत नाही.

यांना हे पटायला वेळ लागला. त्यांचा मुद्दा असा, की रात्रभर दुसऱ्याच्या हातात गाडी म्हणजे दोन वर्षांत तिची वाट. त्यांचं चुकीचं नाही. म्हणून मी भाऊजींना अट घातली, ओव्हरलोड नाही. पावणेदोन टनाला क्रेटचं स्वतःचं वजन धरून 75-80 क्रेट होतात. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढ्यात परवडत नाही, सगळे शंभराच्या वर भरतात." मी म्हटलं, सापडलं तर 20,000 दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी 2,000, तो कोण भरणार? ते म्हणाले, सापडत नाही कुणी. इथे आमचं अडलंय. माझी शेवटची तयारी म्हणजे भाडं थोडं कमी करीन, क्रेट वाढवणार नाही. पावसाळ्यात माळशेजात दरड आली की घाट न उतरता वरच थांबायचं, हेही कागदावर लिहून घेणार आहे. नात्यात कागद करायचा म्हटला म्हणून सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. बोलतील.

विकण्याचा विचार मी पूर्ण सोडलेला नाही. वॉरंटी संपायच्या आत या हंगामात ऑइलची काडी परत वर गेली, तर वाशीच्या फेऱ्यांचाही उपयोग नाही असं समजून गाडी मिळेल त्या भावाला काढणार. जाळी नवीन टाकायचा जो खर्च सर्व्हिस सेंटरने सांगितलाय तो लाखाच्या घरात आहे, आणि तो मी भरणार नाही हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

राजुरीला 2019 ची एक पेट्रोल गाडी आहे, सव्वादोन लाख सांगतात. रविवारी आबांना घेऊन बघायला जाणार. त्यांना गाडीतलं कळतं, आणि भाव करताना ते चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत. माझा लगेच पडतो. ती नाही जमली तर इकडे आळे, बेल्हे, पिंपळवंडीकडे कुणाच्या माहितीत असली एखादी गाडी असेल तर कळवा. हौद्याचा पत्रा गंजलेला नको, कागदावर बोजा नको, आणि बाहेरून गॅसचं किट बसवलेली तर अजिबात नको.