ठिपके नाचतायत, पण कशाचे?

घरच्या सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टची ऑटोफॅजी पकडायचा खटाटोप चाललाय, म्हणजे उपाशी पेशी स्वतःचाच माल पोतड्यांत बांधून पचवते ते. दिसले एकदाचे! नायट्रोजनचं खाद्य बंद करून तीनेक तास झाले आणि बेकरी यीस्टच्या रिक्तिकेत (पेशीतल्या पचनाच्या पिशवीत) ठिपके थुईथुई नाचायला लागले. १००एक्स ऑइल लेन्स, फेज कॉन्ट्रास्ट (पारदर्शक पेशीतले बारकावे उठून दाखवणारी पद्धत). १९९२ मध्ये टोकियोत ऑटोफॅजीवाल्या योशिनोरी ओसुमींच्या गटाने छापलं तेच आपल्या टेबलावर, या खुशीत कंट्रोलची, म्हणजे उपाशी न ठेवलेल्या यीस्टची, स्लाइड लावली. पेप्टोन, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, साखर, सगळं भरपेट. तिथेही नाच चालूच.

आता हे भरल्या पोटीचे ठिपके बहुतेक पॉलिफॉस्फेटचे, म्हणजे पेशीने साठवलेल्या फॉस्फेटचे. स्मिअरवर (काचेवर पसरून वाळवलेल्या थरावर) टोल्युइडिन ब्लू हा रंग टाकला तर जांभळट-गुलाबी कण दिसतात. पण उपाशी यीस्टमध्येही तेच दिसतात, आणि स्मिअर केला की नाच संपतो, म्हणजे मघाशी नाचणारा ठिपका नेमका कुठला हे कळायला मार्ग नाही. त्यात यीस्ट नायट्रोजन बेस (यीस्ट वाढवायच्या माध्यमाची तयार पूड) मागवला तर विक्रेत्याने संस्थेचं लेटरहेड मागितलं, म्हणून माध्यम घरीच कालवतोय. पोटॅशियम फॉस्फेटवर चालणारं माध्यम, म्हणजे पॉलिफॉस्फेटला आयतंच खाद्य.

खरी मेख पुढेच आहे. आपल्या यीस्टमध्ये सुरुवातीची यंत्रणा ठणठणीत असणार: नायट्रोजन गेला की टॉर्क१ (खाद्य असेतो ऑटोफॅजी रोखून धरणारं प्रथिनांचं संकुल) गप्प होतं, मग ऑटोफॅजीची एटीजी प्रथिनं: एटीजी१३ वरचे फॉस्फेट उतरतात, एटीजी१ कामाला लागतं, एटीजी८ पोतडीच्या पटलावर चिकटतं. पण पेप४ आणि पीआरबी१ हे रिक्तिकेतले प्रोटीएझ, म्हणजे प्रथिनं तोडणारे विकर, तेही ठणठणीत! पोतडी रिक्तिकेत पोचली की आतला माल लगेच पचतो. ओसुमींना पोतड्यांचा ढीग दिसला तो हे प्रोटीएझ नसलेल्या यीस्टमध्ये. पीएमएसएफ हे प्रोटीएझ रोखणारं रसायन घालून साध्या यीस्टमध्येही जमतं, पण ते विष मी स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ठेवणार नाही.

मागच्या नोंदीवर दोघांनी ‘रॅपामायसिन वापर’ म्हटलं होतं. त्याने काय होणार? ते टॉर्क१ दाबतं, म्हणजे सुरुवातीलाच ढकलतं. अडलंय शेवटी.

मधल्या काळातलं सुख एवढंच की उपाशी पेशींत लहान-लहान रिक्तिका एकमेकींत मिसळून एकच मोठी, नितळ रिक्तिका होते आणि न्यूट्रल रेड हा रंग तिच्यात सुरेख लाल भरतो.

हा लाल रंग बघतानाच सुचलं. रंग भरतो कारण आत आम्ल आहे, आणि ते आम्ल उतरलं तर प्रोटीएझही मंदावतील. पीएच आठच्या आसपास अमोनियम क्लोराइड घातलं की रिक्तिकेतलं आम्ल उतरतं. पण अमोनियम म्हणजे नायट्रोजनच की! उपासाच्या दिवशी साबुदाण्यात चिकन घातल्यासारखं.

थांबा. रॅपामायसिन असेल तर नायट्रोजन असूनही ऑटोफॅजी सुरू होते! म्हणजे रॅपामायसिन आणि अमोनियम एकत्र. त्या दोघांची माफी. वरचा परिच्छेद तसाच ठेवतो. सिरोलिमस म्हणून ते चिठ्ठीवरच मिळतं, त्यामुळे औषधाच्या दुकानात जाणार नाही. कॉलेजच्या लॅबमधल्या मैत्रिणीला तिथेच बसून करू देशील का, विचारलंय.

तोवर फॉस्फेट कमी केलेलं माध्यम करतो. चकाकणारे बारीक कण घटले आणि पेशीरसासारखे करडे, जरा मोठे, संथ ठिपके उरले तर नजर तिकडे, त्या पोतड्या असू शकतात. आणि अमोनियमसोबत तेवढ्याच सोडियम क्लोराइडचा वेगळा कंट्रोल हवा, कारण नुसत्या मिठानेही रिक्तिका आक्रसतात.