शेवटचा मारू नकोस

शनिवार, रात्रीचा दीड

झॉम्बींच्या व्हिडिओ गेममध्ये आज एकविसाव्या राउंडला मेलो. आधी मी, मग मला उचलायला आलेला भाचा, मग भाच्याला उचलायला धावलेला धाकटा. ताई एकटी उरली आणि तिने नेमकं करायला नको तेच केलं, कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "मागून तरी कुणी येणार नाही ना," हे तिचं म्हणणं. मागून कुणी आलं नाही. पुढून चोवीस झॉम्बी आले, चालती मढी. एका वेळी चोवीसच येतात मैदानात, तेवढे मेले की पुढचे. खेळाची दया म्हणायची ती एवढीच.

मेल्यावर स्क्रीनवर आधी 'गेम ओव्हर' येतं आणि त्याखाली तुम्ही एकवीस राउंड तगलात असं. ताईला हे वाक्य भारी आवडतं. "मेलो ते मेलो, वर म्हणे तगलात. आपल्याकडे दहाव्याला आलेली माणसं नाही का म्हणत, तसे पंच्याऐंशी वर्षं जगले हो!"

झोप उडाली आहे. ती काही खेळामुळे नाही. पण ते ओळीने लिहितो, नाहीतर उद्या हातून निसटेल.

आमची चौकडी म्हणजे मी नाशिकला, ताई साताऱ्याला, तिचा मुलगा पुण्यात हॉस्टेलवर आणि आमचा धाकटा डब्लिनला. आमच्याकडे रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा हिवाळ्यात त्याच्याकडे संध्याकाळचे पाच. तेवढीच वेळ सगळ्यांना जमते. खेळ जुना, 'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स', २०१० चा. भाचा त्याला म्युझियम म्हणतो. पण ताईचा कॉम्प्युटर याहून नवं काही ओढत नाही, आणि माझी बोटं याहून नवं काही शिकत नाहीत.

माझी या झॉम्बींशी ओळख त्याच्याही आधीची. याच मालिकेतला, ट्रेयार्क कंपनीचा 'वर्ल्ड अॅट वॉर' २००८ च्या नोव्हेंबरात आला. हॉस्टेलवर एका मित्राच्या मशीनवर आम्ही तो पाळीपाळीने संपवला. महायुद्ध जिंकलं, नामावली सरकली, आता उठावं म्हणतोय तर पडद्यावर एक पडकं घर, हातात पिस्तूल आणि खिडकीतून हात घालून फळ्या उचकटणारं एक मढं. सगळा खेळ संपल्यावर मागे बक्षीस म्हणून ठेवलेली गोष्ट होती ती. त्या महिन्यात मूळ युद्धाबद्दल कुणी बोलेना, सगळे त्या पडक्या घरात. ताई 'झोंबी' म्हणते. भाचा दर वेळी दुरुस्त करतो. माझ्या मते तिचंच बरोबर आहे, ते झोंबतातच.

आम्ही खेळतो तो नकाशा 'किनो डेर टोटेन', मेलेल्यांचं थिएटर. जर्मनीतलं एक ओसाड नाट्यगृह. लॉबी, बाल्कनी, बाहेरची गल्ली आणि रंगमंचावर पडलेला पडदा. रंगमंचामागे जाऊन खटका ओढला की वीज येते आणि पडदा उघडतो. धाकटा दर वेळी, न चुकता, "तिसरी घंटा!" म्हणून ओरडतो. कॉलेजात एकांकिका करायचा, ती खाज आहे अजून.

ताई पतसंस्थेत कॅशियर आहे, त्यामुळे आमचा सगळा हिशेब तिच्याकडे. सुरुवातीला प्रत्येकाला ५०० गुण आणि आठ गोळ्यांचं पिस्तूल. पहिल्या राउंडच्या झॉम्बीत जीव असतो १५० चा. भाचा डोक्यात गोळी घालतो आणि मोठ्या तोऱ्यात १०० गुण घेतो. ताई सहा गोळ्या पायांत मारते, प्रत्येकी १० गुण, आणि मग चाकू, त्याचे १३०. झाले १९०. एवढं करून उरलेल्या वेळात खिडकीला फळ्या ठोकते, फळीला १० गुण. भाचा तिच्या लेखी उधळ्या. त्यातून तो ९५० देऊन ती मिस्टरी बॉक्सची पेटी उघडतो, ज्यात काय निघेल याचा नेम नाही, आणि टेडी निघालं की पेटीच उठून दुसरीकडे जाते. "भिशी बुडवणाऱ्यांची लक्षणं आहेत ही," ताई म्हणते. आज त्याच पेटीतून त्याला थंडरगन निघाली. तिच्यात मिळून चौदाच बार, पण एका बारात मागची अख्खी वरात उडते. ताई गप्प. मग म्हणाली, "लागते कधीतरी लॉटरी."

वरात हा शब्दही तिचाच. भाचा 'ट्रेन' म्हणतो. रंगमंचावर गोल गोल धावत राहायचं, थांबायचं नाही, म्हणजे सगळे मागे एका ओळीत लागतात, मग वळून झोडायचं. ताईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाली, फक्त बँड कमी आहे.

तर आता रांगणाऱ्याबद्दल.

शेवटचा झॉम्बी मरेपर्यंत पुढचा राउंड सुरू होत नाही. म्हणून राउंड संपत आला की एखाद्याच्या पायाशी ग्रेनेड टाकायचा, असा की मरणार नाही पण पाय जातील. मग तो हातांवर रांगत येतो. त्याला तसाच जिवंत ठेवायचा (मेलेल्याला जिवंत ठेवायचा म्हणजे काय ते तुम्ही बघा) आणि तेवढ्यात आपली कामं उरकायची. कुणाला २,५०० चं 'जग' घ्यायचं असतं, म्हणजे जगरनॉग, अंगात बळ आणणारं पेय, कारण ते नसेल तर दोन फटक्यांत माणूस खाली. कुणाला टेलिपोर्टरने वरच्या प्रोजेक्टर रूममध्ये जायचं असतं, तिथे ५,००० देऊन बंदूक सुधारून मिळते, पण थांबायला मिळतात तीसच सेकंद. पुढे हे सगळं लागतंच. विसाव्या राउंडला त्याच झॉम्बीचा जीव २,७०० च्या आसपास गेलेला असतो आणि ताईच्या चाकूला कुणी विचारत नाही.

म्हणजे रांगणारा ठेवायचा तो खरेदीसाठी. आमच्याकडे त्याचं भलतंच झालंय. खरेदी दोन मिनिटांत आटोपते आणि मग कुणीच त्याला मारत नाही. त्याची राखण ताईकडे. ती लॉबीत त्याच्यासमोर तोंड करून उभी असते, तो हात आपटत आपटत जवळ आला की दोन पावलं मागे सरते. तो परत येतो. ती परत दोन पावलं. हे चालू असताना ती विचारते, "मेसला काय होतं रे आज?" आणि एरवी फोनवर "हं", "जेवलो", "ठेवू का" यापलीकडे न जाणारं पोरगं सांगतं, की वांग्याची भाजी होती म्हणून जेवलोच नाही, बाहेर वडापाव खाल्ला, आणि मॅथ्स थ्री बहुतेक राहणार. मॅथ्स थ्री राहणार! हे फोनवर कळलं असतं तर साताऱ्यात भूकंप होता. इथे ताई दोन पावलं मागे सरली आणि म्हणाली, "ऑक्टोबरला सोडवता येईल ना?"

आज अठराव्या राउंडला रांगणारा ठेवला. मी जग घेतलं, भाचा वर जाऊन आला. धाकटा बाल्कनीत नुसताच उभा होता. ताई म्हणाली, "तुझं काही घ्यायचं नाही का?"

"माझं काम गेलं, ताई."

मला आधी वाटलं खेळातलं काही म्हणतोय. त्याचा आवाजही तसाच होता, गोळ्या संपल्या म्हणताना असतो तसा.

"कधी?"

"अकरा दिवस झाले. आमची अख्खी टीमच काढली. नोटीस पिरियड आहे अजून, वर्क परमिटचं विचारतोय."

अकरा दिवस. म्हणजे गेल्या शनिवारी हा आमच्याबरोबर चौदाव्या राउंडपर्यंत खेळला, दोनदा मला उचललं, 'तिसरी घंटा' ओरडला, तेव्हाही काम गेलेलंच होतं. मला राग आला. मी काहीतरी बोलणार होतो, मोठ्या भावाने बोलायचं असतं तसलं, सेव्हिंग्ज किती आहे वगैरे. तेवढ्यात भाचा म्हणाला, "आई, मागे बघ, भिंत आहे." रांगणारा तिच्या पायाशी आला होता. ती बाजूने निघून लॉबीच्या दुसऱ्या टोकाला गेली, तो वळला, आणि आम्हीही जरा श्वास घेतला.

मग धाकटा बोलत राहिला. बायकोला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती म्हणाली घरी सांग, तर त्याला फोन लावायचं होईना. "फोन लावला की तुम्ही दोघं लगेच 'काय झालं' म्हणणार. इथे निदान कुणी तोंडाकडे बघत नाही." तिकडे भाड्याचं काय, दोन ठिकाणी बोलणं चालू आहे ते काय, सगळं सांगितलं. पाऊण तास तो बिनपायांचा बापडा लॉबीत फेऱ्या मारत होता आणि चार माणसांचा आवाज ऐकत होता. मध्ये ताईला पाणी प्यायला जायचं होतं तर राखण मी घेतली. अवघड असतं ते. फार लांब गेलो की तो दिसेनासा होतो, जवळ राहिलो की पंजा बसतो. ताई आठवड्यामागून आठवडे हे करते, बोलता बोलता, आणि मला कधी त्यात काही वाटलंच नव्हतं.

शेवटी धाकटाच म्हणाला, "मारा आता त्याला, लाज वाटते."

"तू मार," ताई म्हणाली.

पुढचे तीन राउंड आम्ही वाईट खेळलो. मी गल्लीत कोंडला गेलो, आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

रविवार

ताईचा सकाळी फोन. अर्धा तास त्याच विषयावर. मी म्हटलं त्याला पैसे पाठवू का, ती म्हणाली विचारू नकोस, आणि पाठवूही नकोस, तो मागेल. मी म्हटलं त्याने कधी मागितलेत? ती म्हणाली, "मागेल. शनिवार आहे ना."

मंगळवार

ऑफिसात एकाने विचारलं, रात्री काय करता एवढं, डोळे लाल दिसतात. म्हटलं मोबाइलवर बातम्या. चाळिशीच्या माणसाने झॉम्बी मारतो असं सांगायचं तर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं ते मला माहीत आहे. त्याच महिन्यात, २००८ च्या नोव्हेंबरात, 'लेफ्ट फोर डेड' हा झॉम्बींचा खेळही आला होता, चौघांनी मिळून खेळायचा. तो तसा सांगायला बरा, त्यात शेवटी सुटका करायला कुणीतरी येतं, गोष्ट पूर्ण होते. आमच्या थिएटरात कुणी येत नाही. राउंड वाढत जातात आणि तुम्ही कितव्याला पडता एवढाच प्रश्न. हे समोरच्याला पटवणं माझ्याने होणार नाही, म्हणून बातम्या.

शनिवार, रात्रीचे साडेबारा

आज होस्ट मी होतो, म्हणजे चौघांचा खेळ माझ्या मशीनवरून चालला होता. बाराव्या राउंडला रांगणारा ठेवला, झकास, पहिल्याच ग्रेनेडला पाय गेले. धाकट्याने मुलाखतीचं सांगायला सुरुवात केली होती. "तर दुसऱ्या राउंडला त्यांनी," म्हणाला, भाचा म्हणाला दुसऱ्या राउंडला तर चाकूही चालतो, आणि त्याच क्षणी आमच्या गल्लीतली लाइट गेली. या खेळात होस्ट गेला की सगळेच गेले. बाराही राउंड पाण्यात.

अंधारात मोबाइल शोधून ग्रुप कॉल लावला. तिघेही लगेच आले. चार चौकोनांत चार चेहरे, माझा काळाकुट्ट.

"हं, सांग, दुसऱ्या राउंडला काय झालं?" मी म्हटलं.

"काही नाही, बरा झाला."

"बरा म्हणजे?"

"म्हणजे बरा. कळवतो म्हणाले."

ताई म्हणाली अंधारात बसू नकोस, इन्व्हर्टरचं बघून घे एकदा. मी म्हटलं हो. भाच्याने जांभई दिली, ती चौघांना दिसली. मग कुणी काही बोलेना. धाकटा म्हणाला, "बरं मग."

"थांबा," भाचा म्हणाला. "मी होस्ट करतो. मामा, लाइट आली की जॉइन हो."

पंचवीस मिनिटांनी आली. मी शिरलो तेव्हा त्यांनी माझ्यासाठी थांबून ठेवलं होतं. पहिला राउंड, कोपऱ्यात एक तांबडी रेघ, खात्यावर ५०० गुण. लॉबीच्या खिडकीतून पहिला हात आत आला.

"कुणी मारू नका हं," ताई म्हणाली. "आधी त्याचं दुसऱ्या राउंडचं ऐकू दे. मी फळ्या लावते."