तुम्ही विचारलंत म्हणून : आधी पत्रा, मग इंजिन

"मॅडम, मला यातलं काही म्हणजे काहीच येत नाही. गावाकडच्या शेडमध्ये आजोबांची फियाट गंजून पडलीय. घरच्या घरी नीट होईल का? आणि सुरुवात कुठून करू?" हा प्रश्न मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलाय, माजी विद्यार्थ्यांनी विचारलाय, पेट्रोल पंपावर गाडी बघून थांबलेल्या अनोळखी माणसांनीही विचारलाय. उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देऊन समाधान होत नाही, म्हणून एकदा नीट लिहिते. मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सासऱ्यांची १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे हीच फियाट, हाती घेतली तेव्हा मला स्टेपनी बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं.

तर उत्तर असं : होईल. सुरुवात पत्र्यापासून करा. इंजिनाला इतक्यात हात लावू नका.

सगळ्यांना आधी इंजिन चालू करून बघायचं असतं. वर्षानुवर्षं गप्प बसलेली गाडी एकदा धडधडली की आपण अर्धी लढाई जिंकलो असं वाटतं, हे मला समजतं. पण पद्मिनीची बांधणी लक्षात घ्या. जुन्या जीपला खाली वेगळी चासी, म्हणजे भार पेलणारी लोखंडी चौकट असते, वरची बॉडी सडली तरी चासी भार पेलते. पद्मिनीला तशी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दरवाज्यांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब, छत हे सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं आहे आणि तेच गाडीचा भार वाहतं. दरवाज्याखालची पट्टी आतून कुजली की दरवाजे लोंबायला लागतात, जॅक लावला तर पत्र्यातून वर येतो. अशा गाडीत उत्तम चालणारं इंजिन असलं तरी तिच्यात माणसं बसवायची नाहीत.

इंजिनाचं काय, ते मिळतं. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आणि पुढे पद्मिनी नावाने २००० सालच्या सुमारापर्यंत बनत राहिली. १०८९ सीसीचं तेच चार सिलिंडरचं इंजिन मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत अगदी अलीकडेपर्यंत धावत होतं. नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून बाद झाली. इतकी वर्षं इतक्या टॅक्सी चालल्या म्हणून पिस्टन, पंप, कार्बोरेटर, बेअरिंग असलं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून शोधलं तर सापडतं. अख्खा सांगाडा मात्र कोणी विकत देत नाही.

पहिल्या दिवशी गाडीजवळ जाताना तीन वस्तू न्या : जुना स्क्रू ड्रायव्हर, छोटी हातोडी, आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक. मॅट, रबर, कार्पेट सगळं उचला. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा हातोडीने हलक्या हाताने वाजवत पुढे सरका. शाबूत पत्रा टणटण वाजतो. आवाज बसका झाला की तिथे थांबा आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दाबा. वरून काळा रंग अगदी गुळगुळीत दिसत असतो, आणि टोक पापडात शिरावं तसं आत जातं. खालून तपकिरी पापुद्रे गळतात, एकावर एक थर असलेले, बोटांत चुरडले तर भुगा होणारे. ती जागा खडूने आखून घ्या आणि फोटो काढा. चुंबक मडगार्डवर फिरवा. जिथे ते पकडत नाही तिथे पूर्वी कोणीतरी भोक बुजवून जाड लांबी (पुट्टी) भरलेली असते. बॅटरीखालचा ट्रे, डिकीचा तळ, दरवाज्यांच्या खालच्या कडा आणि पुढच्या काचेच्या रबराचे खालचे दोन कोपरे न विसरता बघा. काचेच्या रबरातून शिरलेलं पाणी थेट फ्लोअरवर उतरतं आणि कार्पेट ते महिनोन्‌महिने धरून ठेवतं.

आपल्या नाशिक भागात आणखी एक गोष्ट विचारावीच लागते : गाडी कुठे उभी होती? द्राक्षबागेच्या शेडमध्ये, खतांच्या गोण्या आणि फवारणीच्या ड्रमांशेजारी उभी असेल तर जास्त सावध व्हा. मोरचुदाच्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला की त्यावर तांबूस थर चढतो, हा प्रयोग आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. तिथे लोखंड झिजून द्रावणात उतरतं आणि तांबं त्याची जागा घेतं. मोरचूद असलेल्या फवारणीचे शिंतोडे पडलेल्या उघड्या पत्र्यावर हेच घडतं. पोटॅश खत हवेतली ओल ओढून घेतं, त्यात क्लोराइड असतं, आणि मिठाच्या हवेत लोखंड जसं खातं तसंच खतांच्या शेडमध्येही खातं. निफाड-दिंडोरीकडच्या शेडमधून निघालेल्या गाड्यांची एकच बाजू, गोण्यांकडची, चाळण झालेली मी पाहिली आहे.

दुसरी चौकशी पुराची. २००८, २०१६, २०१९ या वर्षी गोदावरीला मोठे पूर आले. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी किती लागलं हे नाशिककरांच्या लक्षात राहतं, पण तेव्हा पंचवटीत खालच्या अंगाला कुठल्या गाड्या उभ्या होत्या हे कोणी सांगत नाही. पुरातल्या गाडीच्या पोकळ पट्ट्यांत गाळ बसतो. बाहेरून धुतली तरी तो आत राहतो आणि ओल सोडत नाही. दरवाज्याच्या आतलं पॅनेल काढून बोट फिरवा. बारीक चिकट माती लागली तर पहिलीच गाडी म्हणून ती घेऊ नका, कितीही स्वस्त असो.

गंज म्हणजे नक्की काय, हे समजून घेतलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. ॲल्युमिनिअमवर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो आणि तोच खालच्या धातूला वाचवतो. लोखंडाचा गंज तसा नसतो. तो फुगतो, सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि खालचा पत्रा आणखी गंजवतो. म्हणून गंजावर रंग मारणं म्हणजे ओल आत कोंडून ठेवणं. वरवरचा तांबूस गंज वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने जातो. खड्डे पडले असतील तर ब्रशनंतर फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावायचं, त्याने उरलेल्या गंजाचं आयर्न फॉस्फेट होतं. भोक पडलं असेल तर मात्र कुठल्याच बाटलीत औषध नाही. तो भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून नवा जोडावा लागतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून घासताना पाणी मारून घासा, चांगला मास्क लावा आणि मुलांना लांब ठेवा.

बिजागऱ्या, ब्रॅकेट, नट-बोल्ट अशा सुट्या भागांसाठी मला सर्वांत आवडलेली पद्धत विद्युत अपघटनाची. प्लॅस्टिकचं पिंप, पाणी, त्यात धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋणाग्राला जोडायचा, धनाग्राला साध्या लोखंडाची जुनी पट्टी. चार्जर चालू केला की गंजलेल्या भागावरून बारीक बुडबुडे निघायला लागतात, तासाभरात पाण्यावर तपकिरी साय धरते. दुसऱ्या दिवशी भाग बाहेर काढला की काळपट लेप ब्रशने सहज निघतो आणि खाली कंपनीने मारलेले आकडे वाचता येतात. शाबूत धातू जराही झिजत नाही, ही यातली खरी गंमत. दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. धनाग्राला स्टेनलेस स्टील कधीच लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि निघणारा वायू हायड्रोजन आहे, तेव्हा पिंप उघड्या हवेत ठेवा, आसपास ठिणगी नको, चिमटे काढण्याआधी चार्जर बंद.

आता वेल्डिंग. माझं स्पष्ट मत आहे की भार वाहणाऱ्या पत्र्याचं वेल्डिंग नवशिक्याने स्वतः करू नये. या बाबतीत नाशिकसारखं गाव नाही. सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांमुळे आपल्याकडे दर दोन गल्ल्यांआड एखादा फिटर, टर्नर नाहीतर शीटमेटलचा माणूस राहतो. निवृत्त झालेले असेच एक अण्णा आमच्याकडे यायचे. तयारी मी करायची, वेल्डिंगचे टाके त्यांनी मारायचे. कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल टाकून ती बांधून घ्यायची आणि एका वेळी एकच बाजू उघडायची, नाहीतर गाडी वाकते आणि दरवाजा पुन्हा कधीच बसत नाही. पातळ पत्र्याला ते सलग शिवण कधी घालत नसत. एक टाका इथे, दुसरा पार दुसऱ्या टोकाला, मग हात लावून बघायचं, गार झालं की पुढचा. मी घाई केली की म्हणायचे, "ताई, पत्रा तापला की रुसतो. त्याला वेळ द्या."

लांबीबद्दल त्यांचं म्हणणं मी आजही सगळ्यांना ऐकवते : "लांबीनं भोक झाकतं, गंज मरत नाही." लांबी पाणी शोषते. ती शाबूत पत्र्यावर, इपॉक्सी प्रायमर मारल्यावर, पातळ हाताने समतल करायला वापरायची. भोकं बुजवायला वापरली की दोन पावसाळ्यांत फुगा येतो.

कामाचं वेळापत्रक हवामानावर बांधा. दिवाळीपासून होळीपर्यंत नाशकात हवा कोरडी असते, पत्राकाम आणि रंग तेव्हाच. उघडा केलेला पत्रा त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे. पावसाळ्यात घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तांबूस झालेला असतो, आणि दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. प्रायमर झाल्यावर पोकळ पट्ट्यांत पातळ नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं पातळ मेण) सोडा. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निघायला जी भोकं असतात ती रंगाने बुजली असतील तर तारेने मोकळी करा. एवढीशी भोकं बंद झाल्यामुळे दरवाजे सडतात.

पावसाळा इंजिनासाठी ठेवा. जाम असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइलचं मिश्रण ओता, काही दिवस मुरू द्या, मग पुलीच्या नटावर पाना लावून हाताने थोडं मागे, थोडं पुढे. स्टार्टर मारायची घाई नको. फियाट मूळची इटलीची, त्यामुळे पाने मिलिमीटरचे लागतात. अडकलेल्या बोल्टला सहा पैलूंची गोटी (सॉकेट) वापरा, बारा पैलूंची घसरते आणि बोल्टचं डोकं गोल करते. गाडीखाली शिरताना घोड्या (जॅक स्टँड) लावल्याशिवाय कधीही शिरू नका, नुसत्या जॅकवर विसंबून तर मुळीच नाही. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिला घरी वेल्डिंग नको, आत उरलेल्या वाफेचा स्फोट होतो.

कागद हा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे देण्याआधी बघा. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, मूळ मालक हयात नसतील तर वारसांच्या सह्या मिळतील का. पंधरा वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, रंग बदलला तर आरसीत तशी नोंद हवी. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर २०२१ च्या नियमानुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते, पण मग ती रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. रोज भाजी आणायला नेणार असाल तर हा मार्ग तुमचा नाही.

आणि इंजिन चालू झालं तरी लगेच गंगापूर रोडला निघू नका. चारही ब्रेक ड्रम उघडा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून आतली धूळ हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद करून टाकायचं. व्हील सिलिंडरचे रबर, ब्रेकचे होज आणि ब्रेक ऑइल सरसकट नवं घाला, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं आणि नळ्या आतून गंजवतं. ते नव्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलून निघतो. मग सपाट मोकळ्या मैदानात, पहिल्या गिअरमध्ये, शेजारी जाणतं माणूस बसवून दहा-बारा वेळा थांबवून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर त्याच संध्याकाळी चाकं पुन्हा उतरवा.