केळीचं करमुक्त उत्पन्न आणि अमेरिकेतला थकलेला टॅक्स

रावेर-यावलच्या केळीवर भारतात इन्कम टॅक्स नाही. परदेशातली कमाई भारतात ठेवायच्या एनआरई खात्यातल्या ठेवीच्या व्याजावरही नाही. म्हणून खान्देशातून अमेरिकेत गेलेल्या मुलांकडून या दोन्ही रकमा तिथल्या रिटर्नमध्ये धरायच्या राहून जातात आणि काही वर्षांनी थकबाकी अंगावर येते. ग्रीन कार्ड असेल, किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर पुरेसे दिवस तिथे राहणं झालं असेल, तर अमेरिका जगभरातलं उत्पन्न मोजते. भारतातली करमाफी तिथे चालत नाही. आणि इथे कर भरलेलाच नसल्यामुळे तिथल्या करातून त्याची वजावटही मिळत नाही.

जमीन वडिलांची आणि पैसाही त्यांचाच असेल, तर ते उत्पन्न मुलाचं धरलं जात नाही. सातबारा मुलाच्या नावावर आणि केळीचे पैसे त्याच्याच खात्यात, तर मात्र दाखवावंच लागतं. तेव्हाही कर नफ्यावरच असतो. टिश्यू कल्चरची रोपं, खत, मजुरी वजा होते, ठिबकचा घसारा मिळतो. पावत्या मात्र हव्यात.

भारतातली कमाई जमा होते त्या एनआरओ खात्याचं निराळं आहे. तिथल्या व्याजातून बँक ३० टक्के टीडीएस आणि वर सेस कापते, पण दोन देशांच्या करारानुसार व्याजावर भारताचा हक्क बहुतेक वेळा १५ टक्क्यांचाच. आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, तेवढ्याचीच वजावट देतं. जास्तीचा टीडीएस परत हवा असेल तर भारतात रिटर्न भरावं लागतं.

अमेरिकेला कळणार कसं, असं कोणी म्हणत असेल तर २०१५ मध्ये दोन्ही देशांनी खात्यांची माहिती देण्याचा, फॅटकाचा करार केलाय. अमेरिकी करदात्यांच्या खात्यांची माहिती बँकांकडून भारत सरकारमार्फत तिकडे जाते.

थकबाकी असताना सगळ्यात महाग पडते ती एकच गोष्ट: हातात पैसे नाहीत म्हणून रिटर्नच न भरणं. समजा ६,००० डॉलर देणं आहे आणि रिटर्न पाच महिने उशिरा गेलं. उशिरा रिटर्नचा दंड महिन्याला ४.५ टक्के, म्हणजे १,३५० डॉलर. उशिरा पैसे भरल्याचा महिन्याला अर्धा टक्का, म्हणजे १५०. एकूण १,५००, व्याज वेगळं. तेच रिटर्न मुदतीत पाठवलं असतं तर दंड फक्त १५०. आखाजीच्या आसपास येणारी १५ एप्रिलची मुदत अर्ज करून १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण ती वाढ कागदांची. पैसे एप्रिलमध्येच द्यायचे असतात.

पहिलं बिल सीपी१४ या नोटिशीने येतं. सीपी२००० मात्र बिल नसतं. तुमच्या रिटर्नमध्ये आणि त्यांच्याकडच्या माहितीत फरक दिसतोय, एवढंच ती सांगते. साधारण ३० दिवसांत उत्तर द्या, आकडा चुकीचा असेल तर कागद जोडून हरकत घ्या. न उघडलेलं पाकीट पुढे जप्तीच्या अंतिम नोटिशीपर्यंत जातं. तिथेही ३० दिवसांत फॉर्म १२१५३ भरून सुनावणी मागता येते. मुदत टळली की तो हक्क जातो.

एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते मागा. देणं ५०,००० डॉलरच्या आत असेल आणि सगळी रिटर्न भरलेली असतील, तर ऑनलाइन अर्ज चालतो. १८० दिवसांत फेडणार असाल तर नोंदणी फीही नाही. आधीची तीन वर्षं स्वच्छ असतील तर पहिल्या वेळचा दंड माफ करायला सांगता येतं. ती माफी हक्काने मागा. व्याज मात्र सहसा सुटत नाही.

बँक खात्यांची माहिती वेगळी द्यावी लागते. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरवर गेली, तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरायचा. वडिलांसोबतच्या जॉइंट खात्याची पूर्ण शिल्लक त्यात धरतात. जुनी वर्षं राहिली असतील तर गुपचूप रिटर्न दुरुस्त करून टाकू नका, त्याने दंडापासून संरक्षण मिळत नाही. दडवण्याचा हेतू नव्हता, असं असेल तर त्यासाठी स्ट्रीमलाइन्ड योजना आहे: तीन वर्षांची सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, आणि चूक कशी झाली याचं शपथेवरचं, तपशीलवार निवेदन. अमेरिकेत राहणाऱ्याला न दाखवलेल्या परदेशी आर्थिक मालमत्तेवर ५ टक्के दंड पडतो. स्वतःच्या नावावरची शेतजमीन त्यात येत नाही. कर आणि व्याज अर्जासोबतच भरावं लागतं. आयआरएसने तपासणी सुरू केली की ही वाट बंद. म्हणून एनरोल्ड एजंट (आयआरएसची मान्यता असलेला कर सल्लागार) किंवा परदेशी उत्पन्नाचं काम करणारा सीपीए (तिकडचा सीए) लवकर गाठा.

घरच्यांनी बँकेकडून स्टेटमेंट मागताना एक बघा. आपल्याकडे एप्रिल ते मार्च, तिकडे जानेवारी ते डिसेंबर. व्याजाचं सर्टिफिकेट आर्थिक वर्षाचं आलं तर ते तिकडे जुळत नाही. जानेवारी-डिसेंबरचं पूर्ण स्टेटमेंट घ्या, वर्षातली सर्वात जास्त शिल्लक दिसेल असं. टीडीएसचं सर्टिफिकेट, सातबारा आणि व्यापाऱ्याच्या काटापट्ट्या (वजनाच्या पावत्या) स्कॅन करून फेब्रुवारीतच पाठवा.