ब्रशलेस आली घरात

आजचा रविवार पुतण्याच्या आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीत गेला, जुनी ब्रश्डवाली (आत कार्बनचे ब्रश घासतात ती) मोटर काढून ब्रशलेस, म्हणजे बिनब्रशची, बसवली, सोबत ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) पण नवा घ्यावा लागला कारण जुन्याला मोटरच्या दोनच वायरी आणि हिला तीन. पोरगं शेजारी बसून सारखं विचारतंय, काका ह्यात प्लस कुठली नि मायनस कुठली? अरे बाबा हिला प्लस-मायनस नसतंच, तिन्ही कशाही जोड, फार तर उलटी फिरेल, मग कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की झालं! (सेन्सरवाली असेल तर मात्र वायरींच्या ए-बी-सी खुणा जुळवूनच लावायचं.) खरी भीती बॅटरीच्या बाजूला, तिथे लाल-काळी उलटली की ईएससीचा धूरच. म्हणून एक्सटी-६० चं (बॅटरीच्या कनेक्टरचं) सोल्डरिंग मी केलं, हीटश्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) आधी वायरीत ओवायचं काम त्याला दिलं. चाकं हवेत राहतील अशी गाडी डब्यावर ठेवून थ्रॉटल जरासा दाबला तर उलटीच फिरली, दोन वायरी त्यानेच बदलल्या, काय ऐट होती तेव्हा! टू-एस लिपो (दोन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी) म्हणजे फुल चार्जला ८.४ व्होल्ट फक्त, पण गच्चीवर आईच्या पापडांमधून जी काय सुसाट सुटली... आई अजून बोलत नाहीये दोघांशी 😅