सेल ३.८ व्होल्ट, तरी सर्किट गप

सांगोल्याजवळ मामाची डाळिंबाची बाग आहे, तिथं मातीतला ओलावा मोजायला मी ईएसपी३२ चं (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप) एक छोटं सर्किट करून दिलं होतं, एक १८६५० लिथियम सेल, तासातून एकदा उठायचं, वस्तीवरच्या वायफायनं रीडिंग पाठवायचं आणि परत झोपायचं. पाणी कमी-जास्त झालं की डाळिंब तडकतं, त्यामुळं मामाला ते रीडिंग खरंच लागतं. आणि दर आठ दिवसांनी त्याचा फोन, "तुझं मशीन परत गप झालंय बघ रं."

मी सोलापूरहून जायचो, चार्ज केलेला सेल घालायचो, लगेच चालू. तिसऱ्या खेपेला काढलेल्या सेलला मीटर लावला तर ३.८ व्होल्ट! अर्ध्याच्या वर चार्ज शिल्लक आणि सर्किट बंद. लॅपटॉपवर बघितलं तर वायफाय चालू करायला गेलं की ब्राउनआउट, म्हणजे व्होल्टेज कमी पडून चिप बंद, रिसेट, परत ब्राउनआउट.

घोळ निघाला रेग्युलेटरचा, म्हणजे सेलचं व्होल्टेज ईएसपीसाठी ३.३ वर आणणाऱ्या भागाचा. दुकानात ३.३ व्होल्टचा मागितला की बहुतेक वेळा एएमएस१११७ च हातात ठेवतात, मीही तोच लावलेला. त्याला एलडीओ (लो ड्रॉपआउट, म्हणजे इनपुट आउटपुटपेक्षा थोडंच जास्त असलं तरी चालणारा) म्हणतात खरं, पण ते ७८०५ या जुन्या रेग्युलेटरच्या मानानं, ७८०५ ला इनपुट आउटपुटपेक्षा २ व्होल्ट जास्त लागतं, याला १.१ च्या आसपास. आता हिशोब करा की, ३.३ अधिक १.१ म्हणजे ४.४, आणि लिथियम सेल फुल चार्ज झाला तरी ४.२! म्हणजे पहिल्या दिवसापासून हा रेग्युलेट करतच नव्हता, नुसता १ व्होल्ट खाऊन उरलेलं पुढं ढकलत होता. सेल ३.८ वर आला की ईएसपीला २.७ मिळणार, त्याला ३ तरी पाहिजे.

दुसरी गोष्ट तर मला जास्त लागली. ईएसपी डीप स्लीपमध्ये १० मायक्रोअँपवर झोपतो, आणि हा रेग्युलेटर स्वतःला जागं ठेवायलाच ५ मिलीअँप घेतो, म्हणजे पाचशे पट! दिवसाला १२० मिलीअँपतास नुसते त्याच्या पोटात, २६०० चा सेल तीन आठवड्यांत संपणार, ईएसपीनं काही केलं नाही तरी. डेटाशीटमध्ये क्वायसेंट करंटची, म्हणजे या स्वतःच्या खर्चाची, ओळ असते, ती आधी वाचायला पाहिजे होती.

आता एचटी७८३३ हा रेग्युलेटर लावलाय. आत मॉसफेट असल्यानं १०० मिलीअँपला ड्रॉप अगदी थोडा, ५०० ला सुद्धा ०.४ च्या आत, आणि स्वतःचा खर्च ४ मायक्रोअँप. एमसीपी१७०० हा दुसरा रेग्युलेटर तर १.६ मायक्रोअँपवरच भागवतो, मला तो फार आवडतो, पण त्याची मर्यादा २५० मिलीअँप आणि वायफायचा झटका त्याच्या वर जातो, म्हणून इथं नको. बारीक सेन्सर किंवा घड्याळाच्या सर्किटला तोच घ्या. आउटपुटला १० मायक्रोफॅरड सिरॅमिक कपॅसिटर आणि ईएसपीच्या पायाशी ४७० चा इलेक्ट्रोलिटिक टाकलाय, झटक्याच्या वेळी तो सांभाळून घेतो.

बक कन्व्हर्टर (वेगानं चालू-बंद करून व्होल्टेज कमी करणारं सर्किट) का नाही असं एका मित्रानं विचारलं. ३.७ वरून ३.३ करताना एलडीओचीच एफिशियन्सी ८९ टक्के येते, आणि झोपेत बहुतेक स्वस्त बक मॉड्यूल जास्त खातात. १२ व्होल्टवरून ३.३ करायचं असतं तर मीही बकच घेतला असता, एलडीओनं पाऊण वीज नुसती गरम हवेत घालवली असती, आणि आपल्या उन्हात डबीत आणखी ताप कशाला.

दोन महिने झाले, सेल अजून ४ च्या वर आहे. मामाचा फोन परवा आला, पण म्हणाला, शेजारच्या बागेसाठी आणखी एक करून दे.